सरकारी रुग्णालयात दाखल झालात तरी मेडिक्लेम मिळतो

ग्राहकहो,

"सरकारी दवाखान्यात नेलं तर पॉलिसीचा काही उपयोग नाही ना?" असा फोन आम्हाला नेहमी येतो. उपयोग आहे. रुग्णालय कशाला म्हणायचे हे विमा नियामकाने ठरवून दिले आहे: किमान खाटा (दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात १०, इतरत्र १५), चोवीस तास डॉक्टर आणि नर्स, ऑपरेशन थिएटर, रोजच्या नोंदी. मालक सरकार आहे की खासगी, हे त्यात येतच नाही. ससून, केईएम, जेजे या व्याख्येत सहज बसतात. त्यामुळे अपघात झाला आणि ससून जवळ असेल, तर निव्वळ पॉलिसीपायी पेशंटला हलवू नका, ही कळकळीची विनंती.

फरक पडतो तो पैसे मिळण्याच्या पद्धतीत. इथे बहुधा कॅशलेस होत नाही. आधी आपण भरायचे, मग कंपनीकडून परत घ्यायचे. म्हणून सगळा भर कागदांवर.

रुग्णालयाचे स्वतःचे बिल लहान असते. खरा खर्च होतो गेटसमोरच्या मेडिकलमध्ये. वॉर्डातून इंजेक्शनची चिठ्ठी मिळते, नातेवाईक धावत जाऊन औषध आणतो, चिठ्ठी तिथेच राहते आणि बिलावर पेशंटचे नावही नसते. असे बिल क्लेममध्ये अडकते. चिठ्ठीचा फोटो काढा, मूळ चिठ्ठी परत मागा, बिलावर पेशंटचे आणि डॉक्टरचे नाव घालूनच घ्या. स्टेंट किंवा हाडात बसवायची प्लेट बाहेरून आणली असेल तर तिच्या खोक्यावरचा स्टिकर ऑपरेशनच्या दिवशीच मागून ठेवा. नंतर तो सापडत नाही. बाहेर केलेल्या तपासण्यांची बिले आणि रिपोर्टही जोडायचे असतात.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत आहेत. ससूनसारखी वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये त्यात नाहीत. जिथे खर्चच झाला नाही तिथे मेडिक्लेम काही देत नाही. मात्र पॉलिसीत 'हॉस्पिटल कॅश' असेल तर बिल शून्य असले तरी दिवसाची ठरलेली रक्कम मिळते. त्यासाठी डिस्चार्ज कार्डावर दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख, वेळ, सही आणि शिक्का हवा. घाईत वेळ लिहायची राहून जाते आणि क्लेमसाठी लागणारे दाखल राहण्याचे चोवीस तास भरले की नाही यावरच मग वाद होतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होणार असतील तर ते जरूर घ्या, पॉलिसीची रक्कम पुढच्या दुखण्याला शिल्लक राहते. योजनेने भरलेला खर्च विमा कंपनीकडे पुन्हा मागता येत नाही.

दाखल होताच आम्हाला कळवा, रात्री असेल तर व्हॉट्सॲपवर पॉलिसी नंबर आणि केस पेपरचा फोटो पाठवून ठेवा. कंपनीला कळवण्याची मुदत पॉलिसीत दिलेली असते आणि ती दाखल झाल्यापासून मोजली जाते. क्लेमचा फॉर्म आम्ही भरून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.