अंतराळातली मनगटी घड्याळं

अंतराळवीर यानात किंवा स्पेससूटवर बांधतात ती घड्याळं. मुख्य टायमिंग यानातली यंत्रंच सांभाळतात, हातातलं घड्याळ नुसतं बॅकअप, पण ऐनवेळी त्याच्यावरच भिस्त ठेवायची पाळी आलेली आहे.

12 एप्रिल 1961 ला यूरी गागारिन गेला तेव्हा त्याच्या हातात मॉस्कोच्या कारखान्यातलं श्तुर्मान्स्कीये होतं, सोविएत हवाईदलातल्या पायलटांचं. मे 1962 मधे वर गेलेल्या अमेरिकेच्या स्कॉट कार्पेंटरनं ब्राइटलिंग या घड्याळ कंपनीकडून 24 तासांची डायल करून घेतली, कारण वर दीडेक तासात एक प्रदक्षिणा होते, सारखा उजेड नि अंधार, मग सकाळचे सहा की संध्याकाळचे हे साध्या डायलवर कळणार कसं? ते घड्याळ समुद्रात उतरल्यावर पाणी शिरून बिघडलं ते बिघडलंच.

नासानं मग रीतसर परीक्षा घेतली. ओमेगा, रोलेक्स आणि लाँजिन-विटनॉर ही तीन आणून 71 अंशात दोन दिवस तापवली, 93 अंशात अर्धा तास, मग उणे 18 मधे चार तास, शिवाय निर्वात जागा, दमटपणा, धक्के, हादरे. एकाची काच तापून वाकली न् निघाली. टिकलं फक्त ओमेगा स्पीडमास्टर, मार्च 1965 मधे पास. गंमत म्हणजे अंतराळवीर वॉली शिरानं 1962 लाच स्वतःचं स्पीडमास्टर वर नेलं होतं, कोणी सांगितलं नव्हतं.

हे घड्याळ चावीचं. इंदुरात मराठी घरांतून आजोबांचं एचएमटी असायचं ना, रोज सकाळी अंगठा न् बोटानं चावी फिरवायची, तोच कारभार. काचही खरी काच नाही, प्लास्टिकची, म्हणजे फुटली तर वजनरहित यानात तुकडे तरंगत डोळ्यात जायला नकोत. सूटवरून बांधायला लांबच लांब वेल्क्रोचा पट्टा.

चंद्रावर पहिलं घड्याळ उतरलं ते बझ ऑल्ड्रिनचं, कारण लूनर मॉड्यूलमधला, म्हणजे चंद्रावर उतरणाऱ्या यानातला, टायमर बिघडला म्हणून आर्मस्ट्राँगनं त्याच्याऐवजी आपलं आतच ठेवलं. ऑल्ड्रिनचं पुढे स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालयाला पाठवताना गहाळ झालं, इतकी मोलाची वस्तू आणि अशी हरवावी, कमाल आहे! अपोलो 13 मधे तर वीज वाचवायला यंत्रं बंद केलेली, तेव्हा 14 सेकंदांचा इंजिन बर्न, म्हणजे इंजिन नेमकं तेवढाच वेळ चालवणं, जॅक स्विगर्टनं हातातल्या घड्याळावर मोजला. अपोलो 15 मधे डेव्हिड स्कॉटच्या स्पीडमास्टरची काच निघाली, मग त्यानं सोबतचं बुलोव्हा बांधलं, ते 2015 मधे 16 लाख 25 हजार डॉलरला लिलावात गेलं.

इंदुरातल्या राजवाड्याकडच्या कुठल्याही घड्याळवाल्याला विचारा, तो हाच प्रश्न करणार की गुरुत्वाकर्षण नाही तर ऑटोमॅटिक, म्हणजे हात हलला की आपोआप चावी भरणारं, चालेल कसं. चालतं की. आतला रोटर, म्हणजे फिरती चकती, हात हलवला की नुसत्या वजनानंच नव्हे तर जडत्वानंही फिरतो. 1973-74 मधे विल्यम पोगनं स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर स्वतःचं सेको ऑटोमॅटिक वापरलं, ते बरोबर चाललं.

स्पेस शटल यानांच्या काळात डिजिटल आली, कॅसिओ जी-शॉक, टायमेक्स, 1998 पासून ओमेगा एक्स-33. यानात झकास, अलार्म-बिलार्म सगळं, पण यानाबाहेरच्या थंडीत एलसीडीचा, म्हणजे डिजिटल आकड्यांच्या पडद्याचा, भरवसा नाही, म्हणून स्पेसवॉकला चावीचंच.