वटवाघळे हाताळताना घ्यायची दक्षता

रानातली वटवाघळे पकडून मोजमाप घेणारे, गुहांत शिरून त्यांची गणती करणारे आणि जखमी पिल्ले सांभाळणारे यांनी पाळायची स्वच्छता. तिला दोन बाजू आहेत: वटवाघळाचा रोग माणसाला लागू नये आणि माणसाचा वटवाघळाला. दुसऱ्या बाजूकडे फार काळ दुर्लक्ष झाले.

सर्वांत मोठी भीती रेबीज व त्याच्या कुळातल्या विषाणूंची. 2002 साली स्कॉटलंडमध्ये वटवाघळांसाठी काम करणारा एक कार्यकर्ता अशाच विषाणूने दगावला. त्याने रेबीजची लस घेतलेली नव्हती. म्हणून लस आधी, जाळे नंतर. चावा बसलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि लस आधी झालेली असली तरी लगेच डॉक्टरकडे जावे. गावाकडे पाकोळी म्हणतात त्या लहान वटवाघळांचे दात सुईच्या टोकासारखे असतात. चाव्याची खूण पुष्कळदा दिसतच नाही, आणि ‘काही लागलं नाही’ म्हणून विषय सोडून देणे जिवावर बेतू शकते.

जाळ्यात अडकलेले वटवाघूळ सोडवणे हे खरे कसबाचे काम. जाड चामडी हातमोजा मोठ्या फळखाऊ वटवाघळाला ठीक; पण मूठभरही नसलेल्या जिवाच्या पंखातली काडीसारखी हाडे त्यातून बोटांना जाणवत नाहीत आणि मोडतात. तिथे पातळ पण चिवट हातमोजा घालतात, त्यावर एकदाच वापरायचा रबरी. एका कापडी पिशवीत एकच वटवाघूळ ठेवावे. पिशवी पुन्हा वापरण्याआधी उलटी करून धुवावी.

गुहेतली कोरडी लीद पायाखाली उडते. तिच्यात हिस्टोप्लाझ्मा ही फुप्फुसांना बाधणारी बुरशी असू शकते, म्हणून एन-95 मुखपट्टी. आत खाणेपिणे नाही. हात धुतल्याशिवाय तंबाखू मळणेही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेत पकडलेल्या काही वटवाघळांत निपाह या जीवघेण्या विषाणूविरोधी प्रतिपिंडे, म्हणजे त्याची लागण होऊन गेल्याची खूण, आढळली होती.

उलट बाजूचे मोठे उदाहरण अमेरिकेतले. तिथे 2006 पासून ‘पांढरे नाक’ या बुरशीजन्य रोगाने लाखो वटवाघळे मेली. ही बुरशी माणसांच्या कपड्यांवरून व बुटांवरूनही एका गुहेतून दुसरीत जाऊ शकते. त्यामुळे तिथे साहित्य 55 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 20 मिनिटे बुडवतात. कोविडनंतर सर्दी-तापाने आजारी माणसाने वटवाघळांजवळ जाऊच नये, हा दंडकही रुजला. अमेरिकेतल्या गुहांत वापरलेले बूट आणि दोर सह्याद्रीतल्या गुहांत आणू नयेत.