आपल्या तेलावर राहिलेली भाजी : ‘लादेरा’ची पार्श्वभूमी

ग्रीक स्वयंपाकात ‘लादेरा’ नावाचा भाज्यांचा एक मोठा वर्ग आहे. ‘लादी’ म्हणजे तेल, आणि ग्रीक घरात नुसते तेल म्हटले की ते ऑलिव्हचेच असते. फरसबी, भेंडी, वांगी, मटार, आर्टिचोक (भाजी म्हणून खायची एक फुलकळी) यांपैकी हंगामात जे असेल ते कांदा आणि किसलेल्या टोमॅटोबरोबर, भरपूर तेलात व अगदी थोड्या पाण्यात, झाकण ठेवून मंद आचेवर तासभर शिजवायचे, एवढीच कृती. भाजी झाली हे ओळखण्याची खूणही ठरलेली आहे : ती ‘आपल्या तेलावर राहिली’ पाहिजे, म्हणजे भाज्यांनी सोडलेले पाणी आटून पातेल्यात रस म्हणून केवळ तेल उरले पाहिजे. आज ही भाजी आरोग्यदायी आहाराचा नमुना म्हणून सांगितली जाते. तिची घडण मात्र आरोग्याच्या विचारातून झालेली नाही. उपास, हंगाम आणि मांसाची टंचाई यांनी ती घडवली.

ऑलिव्हची लागवड भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर किमान सहा हजार वर्षांपूर्वी सुरू झाली, आणि क्रेट बेटावरच्या नोसोसच्या प्राचीन राजवाड्यात तेल साठवण्याचे पुरुषभर उंचीचे रांजण आजही उभे आहेत. तेल इतके जुने असले तरी त्यात शिजणाऱ्या भाज्यांचे तसे नाही. वांगे आशियातून अरबांच्या हातून मध्ययुगात आले. टोमॅटो, फरसबी, बटाटा आणि झुकिनीचा पूर्वज असलेला भोपळा हे सारे अमेरिका खंडातले, म्हणजे १४९२ नंतरचे. टोमॅटोची इटलीतली पहिली नोंद १५४८ सालची, पिसातली. तो भाजीत घालण्याजोगा मानला जाईपर्यंत आणखी शतक-दीड शतक गेले आणि ग्रीसमध्ये रुळायला एकोणिसावे शतक उजाडले. तेव्हा टोमॅटोतली फरसबी ‘प्राचीन ग्रीक भोजन’ म्हणून कोणी वाढली, तर त्यातले तेल आणि कांदा तेवढे प्राचीन मानावेत.

उपासाचा धागा अधिक गुंतागुंतीचा आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंचांगात वर्षाचे सुमारे निम्मे दिवस उपासाचे असतात. त्या दिवशी मांस, दूध, लोणी, चीज, अंडी आणि बहुतेक वेळा मासेही वर्ज्य असतात. साहजिकच तेलातल्या भाज्यांना उपासाचे अन्न म्हटले जाते. पण कडक नियम पाळला तर पुष्कळशा उपासांना तेलसुद्धा चालत नाही. ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपासात मठांमध्ये तेल आणि वाइन यांची मुभा मुख्यतः शनिवार-रविवारपुरती असते. म्हणजे नियमाच्या बाजूने पाहिले तर लादेरा हे विरक्तीचे अन्न नसून विरक्तीतून मिळालेली सवलत होती. व्यवहारात घरोघर हा नियम सैल झाला आणि तेलातली भाजी उपासाच्या ताटात कायमची बसली.

याच भाज्यांचे तुर्की भावंड ‘झेयतिनयाली’ या नावाने ओळखले जाते. त्याचाही अर्थ ‘ऑलिव्हच्या तेलातले’ असाच. ऑटोमन राजवाड्याच्या स्वयंपाकघरात मान होता तो कढवलेल्या लोण्याला. ऑलिव्हचे तेल एजियन किनाऱ्यावर आणि इस्तंबूलच्या ग्रीक, आर्मेनियन व ज्यू घरांत अधिक वापरात होते. लोण्यातला पदार्थ थंड झाला की त्यावर साय धरल्यासारखा थर जमतो, तेलातला पातळच राहतो. तेलातल्या भाज्या कोमट किंवा थंड वाढण्याचा रिवाज या साध्या गुणावर उभा आहे. मांसाऐवजी तांदूळ भरलेल्या द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांना तुर्कीत ‘यालांजी’, म्हणजे लबाड, म्हणतात; मांस नसणे ही फसवणूक वाटावी, यातच त्या काळच्या ताटाची अपेक्षा दिसते. १९२३ च्या लोसान करारानुसार ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली, आशिया मायनरमधले, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागातले, सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले आणि त्यांच्याबरोबर त्यांची चवही आली. गाजर, बटाटा व शेपू घालून केलेल्या आर्टिचोकांना ग्रीसमध्ये अजून ‘शहरच्या पद्धतीचे’ म्हणतात. इथे शहर एकच, कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल.

आरोग्याचा विषय येतो तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तोही आडवाटेने. १९४८ मध्ये ग्रीक सरकारच्या निमंत्रणावरून रॉकफेलर फाउंडेशनने क्रेटच्या राहणीमानाची पाहणी केली. उद्देश होता युद्धाने खंगलेले बेट सावरण्याचा. लीलँड ऑलबॉ यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात भाज्या, धान्य, कडधान्ये, फळे आणि अन्न तरंगेल इतके तेल, असा आहार नोंदला गेला. मात्र त्याच पाहणीत दर सहा कुटुंबांपैकी जेमतेम एकाला हा आहार समाधानकारक वाटत होता, आणि आवडते अन्न विचारल्यावर बहुतेकांनी मांसाचे नाव घेतले. पुढे आदर्श ठरलेले हे ताट ते जेवणाऱ्यांना बदलायचे होते. ही नोंद मला साऱ्या कथेतली सर्वांत बोलकी वाटते. आहाराची महती सांगताना ती नेमकी गाळली जाते.

अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांचा सात देशांचा अभ्यास १९५८ मध्ये सुरू झाला. त्यात ४० ते ५९ वयाचे १२,७६३ पुरुष होते. क्रेटमधल्या पुरुषांच्या ऊर्जेचा सुमारे ४० टक्के भाग चरबीतून येत असूनही त्यांच्यात हृदयरोगाने होणारे मृत्यू सर्वांत कमी, तर पूर्व फिनलंडमध्ये सर्वांत जास्त आढळले. चरबी किती यापेक्षा कोणती, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला. ऑलिव्हच्या तेलात ओलेइक आम्लाचा, म्हणजे एक-असंपृक्त (मोनोअनसॅच्युरेटेड) चरबीचा, वाटा बहुधा ५५ ते ८३ टक्क्यांच्या दरम्यान असतो. या अभ्यासावर टीकाही झाली. क्रेटमधल्या आहारपाहण्यांपैकी एक ईस्टरपूर्वीच्या उपासात झाली होती, हा त्यातला रास्त आक्षेप. नंतर स्पेनमधल्या ‘प्रेडिमेड’ चाचणीने ७,४४७ जणांवर अशा भूमध्य आहाराची परीक्षा घेतली आणि ऑलिव्ह तेलाच्या गटात हृदयविकार व पक्षाघाताच्या घटना सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१३ मध्ये जाहीर केले. काही केंद्रांवर गटवाटणीत चुका आढळल्याने तो लेख २०१८ मध्ये मागे घेऊन फेरविश्लेषणासह पुन्हा छापावा लागला. निष्कर्षाची दिशा तीच राहिली. दरम्यान २०१० मध्ये युनेस्कोने भूमध्य आहाराला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले होते.

कृतीतच काही शास्त्र आहे. पातेल्यात पाणी असेपर्यंत तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही, त्यामुळे भरपूर तेल असूनही हे तळणे नव्हे आणि तेल जळण्याचा धोका नाही. टोमॅटोतले लायकोपीन हे लाल रंगद्रव्य चरबीत विरघळणारे असल्याने तेलात शिजल्यावर शरीराला अधिक मिळते. टोमॅटोच्या आंबटपणामुळे मात्र फरसबी मऊ व्हायला वेळ लागतो; म्हणून ही भाजी करकरीत ठेवण्याचा आग्रह तिच्या घरी कोणी धरत नाही. शेंग बोटाने सहज दाबली गेली पाहिजे. शिजल्यावर तासभर तशीच ठेवली की रस आत मुरतो, आणि मग ती पाव व फेटा चीजबरोबर कोमट खातात.

किलोभर शेंगांना दीडशे मिलिलिटर तेल हे प्रमाण तिथे नेहमीचे आहे. हल्लीच्या पाककृतींत आरोग्याच्याच नावाखाली ते दोन चमच्यांवर येते. मग पाणी आटल्यावर पातेल्यात उरायला काही नसते, शेंगा बुडाला लागतात, आणि त्या लागू नयेत म्हणून पुन्हा पाणी घालावे लागते.