पालक, फी आणि 25 टक्क्यांची अट

वर्गणी, श्रमदान, 26 जानेवारीचा खाऊ यासाठी गावाकडच्या शाळा पालकांना पूर्वीपासून हाक मारत आल्या. निर्णय घेताना मात्र त्यांना फारसं कुणी विचारत नसे. ग्रामशिक्षण समित्या होत्या, पण तिथे पुढाऱ्यांचाच शब्द चालायचा.

1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के जागा पालकांना मिळाल्या. समितीत निम्म्या महिला हव्यात. अनुदान कुठे खर्च झालं हे पाहणं आणि शाळेचा विकास आराखडा करणं ही कामं समितीकडे आली. 2012 च्या दुरुस्तीने अनुदानित शाळांमध्ये मात्र ही समिती फक्त सल्ला देण्यापुरती उरली. विनाअनुदानित शाळांना तर ती लागूच नव्हती.

शहरांत फीवरून भांडणं होतात ती नेमकी याच विनाअनुदानित शाळांत. त्यासाठी राज्याने 2011 साली फी नियमनाचा कायदा केला, तो अमलात यायला 2014 उजाडलं. व्यवस्थापनाने फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा, असं त्यात ठरलं. या समितीतले पालक शाळेने निवडायचे नाहीत, इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून काढायचे. ही तरतूद खरोखर चांगली आहे. मर्जीतल्या चार पालकांच्या सह्या घेऊन फीवाढ उरकण्याचा मार्ग तिने बंद व्हायला हवा होता. मुख्याध्यापक अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांमधून, शिवाय प्रत्येक इयत्तेचा एक पालक अशी समितीची रचना.

पण समितीने मान्य केलेली फी इतर पालकांना पटली नाही तर? मूळ कायद्यात वरच्या, म्हणजे विभागीय शुल्क नियामक समितीकडे जायची वाट व्यवस्थापनापुरतीच होती. 2018 च्या दुरुस्तीने ती पालकांनाही खुली केली, पण किमान 25 टक्के पालकांनी मिळून तक्रार केली तरच.

या अटीवरचा वाद अजून मिटलेला नाही. ऊठसूट तक्रारी नकोत, असं तिचे समर्थक म्हणतात. प्रत्यक्षात 1200 मुलांच्या शाळेत सुमारे 300 पालकांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. इतर वर्गांतल्या पालकांचे फोन नंबर शाळा देत नाही, आणि सही केली तर मुलाला वर्गात त्रास होईल ही भीती प्रत्येक घरात असते. बेकायदा फी एकाकडून घेतली तरी ती बेकायदाच, मग दाद मागायला तीनशेजण कशाला? कोरोनाकाळात पगार कापले गेले तेव्हा ही अडचण हजारो घरांना जाणवली. फीत 15 टक्के सवलतीचा शासन निर्णय ऑगस्ट 2021 मध्ये निघाला, पण ही अट तशीच राहिली.

त्यामुळे सगळा भर पुन्हा चिठ्ठ्यांच्या सोडतीवर येतो. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत संघ स्थापन व्हायला हवा. इच्छुक म्हणून नाव द्यायची वेळ तीच, आणि ठरलेली फी सूचना फलकावर मराठीतूनही लावणं शाळेला बंधनकारक आहे.