तत्त्वाधारित प्रश्न

तर्कक्षमता चाचण्यांतील एक प्रश्नप्रकार. एखादा सामान्य नियम आणि एखादा विशिष्ट प्रसंग यांचा मेळ बसतो की नाही, हे त्यात ठरवायचे असते. विधी अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षांत तो विशेष रूढ असून शिकवणी वर्गांत ‘प्रिन्सिपल-फॅक्ट’ या नावाने ओळखला जातो.

उगम : अमेरिकेतील ‘एलसॅट’ (पहिली परीक्षा १९४८) आणि भारतातील ‘क्लॅट’ (२००८पासून) या दोन्ही विधी-प्रवेशपरीक्षांत हा प्रकार आढळतो. त्यामुळे तो तिकडून इकडे आला असे मानण्याचा मोह होतो. मात्र भारतीय रूपाची घडण पाहता जवळचा पूर्वज घरातच असावा. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ मध्ये सादर केलेल्या मसुद्यावर आधारलेली भारतीय दंडसंहिता (१८६०) आणि भारतीय करार अधिनियम (१८७२) यांत कलमाखाली काल्पनिक व्यक्तींची उदाहरणे दिलेली आहेत : ‘य’च्या जमिनीवरचे झाड ‘क’ लबाडीने नेण्याच्या इराद्याने तोडतो, तर तोडताक्षणी चोरी घडते. उदाहरणाचा निष्कर्ष झाकला की प्रश्न तयार होतो. न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेतील पंचावयवी (पाच पायऱ्यांच्या) अनुमानाशीही तुलना करता येते. तेथील ‘उपनय’ ही पायरी म्हणजे व्याप्ती (सामान्य नियम) प्रस्तुत पक्षाला (विचाराधीन प्रसंगाला) लावून दाखवणे. विद्यार्थी नेमके तेच करतो. अर्थात हे साम्य तार्किक आहे, ऐतिहासिक नव्हे.

उकल : दिलेला नियम प्रत्यक्ष कायद्याशी विसंगत असला तरी प्रमाण मानायचा, हा पहिला दंडक. समजा, ‘दुसऱ्याच्या जागेत परवानगीविना जाणे म्हणजे अतिक्रमण, हेतू व नुकसान गौण’ असे तत्त्व आहे. आपला पतंग काढण्यासाठी कोणी शेजाऱ्याच्या परसात भिंत ओलांडून उतरला, तर ‘काही मोडले नाही’ आणि ‘पतंग त्याचाच होता’ हे दोन्ही पर्याय बाद होतात. ते व्यवहारात पटतात, म्हणूनच मांडलेले असतात.

खरी अडचण नियमाच्या दिशेची. ‘लेखी संमती असेल तरच माहिती द्यावी’ या नियमावरून माहिती देऊ नये, असे सिद्ध करता येते. द्यावी, असे कधीच नाही. कारण संमती ही येथे आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. ‘संमती असेल तर द्यावी’ असा नियम असता तर उलट झाले असते. त्यामुळे निष्कर्ष होकारार्थी हवा की नकारार्थी, हे आधी पाहून मग पर्याय वाचणे श्रेयस्कर. अनेक पर्याय तेवढ्यानेच गळतात. एलसॅटमध्ये उलट दिशेचे प्रश्नही असतात : युक्तिवाद दिलेला असतो आणि त्याला आधार देणारे तत्त्व निवडायचे असते. तेथे तत्त्व युक्तिवादापेक्षा व्यापक असले तरी चालते, तोकडे असून चालत नाही.

सद्यःस्थिती : ऑगस्ट २०२४ पासून एलसॅटमधील ‘लॉजिक गेम्स’चा (अटींवरून मांडणी ठरवण्याच्या कोड्यांचा) विभाग वगळून तर्कयुक्तिवादाचे दोन गुणांकित विभाग ठेवण्यात आल्याने या प्रकाराचे वजन वाढले. क्लॅटमध्ये २०२० पासून सुटे तत्त्व देण्याऐवजी ते उताऱ्यात गुंफले जाते. सध्याच्या १२० प्रश्नांपैकी सुमारे २८ ते ३२ विधिविषयक तर्काचे असतात. महाराष्ट्राच्या विधी सीईटीतही असे प्रश्न येतात व ते मराठीतून सोडवता येतात.