फायब्रॉइड की अ‍ॅडेनोमायोसिस: पिशवीतील गाठ आणि पिशवीची सूज

पाळीत अंगावरून फार जाते, ओटीपोट जड वाटते, कंबर धरते, म्हणून स्त्री तपासणीला जाते आणि ‘पिशवी मोठी झाली आहे’ एवढेच ऐकून घरी येते. या वाक्यामागे बहुतेक वेळा दोनपैकी एक आजार असतो: गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ असते, किंवा गर्भाशयाच्या भिंतीतच अ‍ॅडेनोमायोसिस असते. घरोघरी पहिल्याला ‘पिशवीत गाठ’ आणि दुसऱ्याला ‘पिशवीला सूज’ म्हणतात. दोन्हींच्या तक्रारी बऱ्याच सारख्या आहेत आणि दोन्ही कर्करोग नव्हेत, परंतु उपचारांच्या वाटा वेगळ्या आहेत. म्हणून आपल्याला यांपैकी नेमके काय आहे हे कळल्याशिवाय कोणत्याही स्त्रीने शस्त्रक्रियेला होकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूची गाठ आहे. स्नायूतील एका पेशीपासून ती सुरू होते, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर पोसली जाते, आणि वाढताना आजूबाजूच्या स्नायूला बाजूला ढकलत जाते. त्यामुळे तिच्याभोवती दाबलेल्या स्नायूचे एक वेष्टण तयार होते आणि तिला स्वतःची स्पष्ट कड असते. गाठ किती मोठी आहे यापेक्षा ती कुठे आहे हे अधिक महत्त्वाचे असते. आतल्या अस्तराला लागून असलेली दोन सेंटिमीटरची गाठ दर महिन्याला स्त्रीला पांढरीफटक करू शकते, तर बाहेरच्या बाजूने वाढलेली सात-आठ सेंटिमीटरची गाठ वर्षानुवर्षे काहीही त्रास न देता राहू शकते. म्हणूनच स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2011 मध्ये गाठींचे शून्य ते आठ असे जे वर्गीकरण केले, ते आकारावर नव्हे, जागेवर आधारलेले आहे. सोनोग्राफीच्या अहवालात हा क्रमांक नसेल तर तो मागून घ्यावा.

अ‍ॅडेनोमायोसिसमध्ये वेगळी गाठ अशी नसतेच. दर महिन्याला पाळीवाटे बाहेर पडणाऱ्या अस्तराच्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूत शिरलेल्या असतात, तिथेच पाळीच्या चक्राप्रमाणे फुगतात, आणि भोवतालचा स्नायू जाड होत जातो. भिंतीत मुरलेल्या ओलीसारखी ही सूज पसरलेली असते. कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे दाखवता येत नाही. ही सूज जंतुसंसर्गाची नसल्यामुळे तिच्यासाठी प्रतिजैविकांचे कोर्स पुन्हा पुन्हा घेण्यात अर्थ नाही. पूर्वी हे निदान काढून टाकलेल्या गर्भाशयाच्या तुकड्यावरच होत असे, आणि त्यामुळे हा चाळिशीतल्या, दोन-तीन बाळंतपणे झालेल्या बायकांचाच आजार आहे असा समज रूढ झाला. आता चांगल्या सोनोग्राफीमुळे तो विशी-तिशीतही आढळतो.

लक्षणांवरून अंदाज बांधता येतो, खात्री करता येत नाही. फायब्रॉइडमध्ये दाबाच्या तक्रारी अधिक दिसतात: वारंवार लघवीला लागणे, शौचाला साफ न होणे, पोटात हाताला घट्ट गोळा लागणे. अ‍ॅडेनोमायोसिसमध्ये वेदना ठळक असते. पाळीच्या आधीपासून सुरू होणारी, खोलवर पिळवटून टाकणारी, कित्येकींना शरीरसंबंधाच्या वेळीही जाणवणारी. पाळीच्या दुखण्याला ‘बाईच्या जातीला हे चालायचंच’ असे म्हणून गप्प बसवले गेल्यामुळे हा आजार वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहतो, याची मला फार खंत वाटते. त्यातच एकाच स्त्रीला दोन्ही आजार असणे मुळीच दुर्मीळ नाही.

खरा उलगडा योनिमार्गे केलेल्या सोनोग्राफीत होतो. फायब्रॉइड तिथे गोलसर आणि रेखीव कडेची दिसते, आणि रक्तप्रवाह तिच्या कडेने वळसा घालून जातो. अ‍ॅडेनोमायोसिसमध्ये गर्भाशय गोल गरगरीत दिसते, पुढची आणि मागची भिंत सारख्या जाडीची नसते, स्नायूत पाण्याचे बारीक ठिपके आणि पंख्यासारख्या पसरलेल्या सावल्या दिसतात, आणि रक्तवाहिन्या त्या भागाला वळसा न घालता आरपार जातात. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत हे बारकावे निसटू शकतात. अविवाहित मुलींची तपासणी बहुधा पोटावरूनच होते, आणि तेव्हा शंका उरली तर एमआरआयने ती फिटू शकते. अ‍ॅडेनोमायोसिस एकाच जागी दाटून आला असेल तर अहवालात त्यालाच ‘फायब्रॉइड’ लिहिले जाण्याचा धोका असतो, आणि ही चूक मग शस्त्रक्रियेच्या टेबलावरच लक्षात येते.

सगळ्यात मोठी भीती कर्करोगाची असते. साधी फायब्रॉइड पुढे जाऊन कर्करोगाची होते, असे मानायला भक्कम पुरावा नाही. स्नायूचा सार्कोमा हा दुर्मीळ कर्करोग बहुधा स्वतंत्रपणेच उद्भवतो. अडचण इतकीच की शस्त्रक्रियेपूर्वी तो कधी कधी फायब्रॉइडसारखाच दिसतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2014 मध्ये फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे 350 स्त्रियांमागे एकीत गर्भाशयाचा लपलेला सार्कोमा आढळतो असा अंदाज मांडला होता आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत गाठीचे यंत्राने तुकडे करण्याबाबत इशारा दिला होता. नंतरच्या काही अभ्यासांत हे प्रमाण त्याहून बरेच कमी आले. हा आकडा शस्त्रक्रिया झालेल्यांचा आहे, गाठ असलेल्या सर्व स्त्रियांचा नाही, हे विसरू नये. पाळी चालू असताना गाठ भराभर वाढली म्हणजे कर्करोगच, असेही नसते. मात्र पाळी गेल्यानंतर गाठ वाढू लागली तर तिची तपासणी लांबवू नये.

दोन्ही आजारांत रोजच्या जगण्यातला खरा धोका रक्तक्षयाचा असतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेले की तो रक्तक्षय मानतात. प्रत्यक्षात सात-आठवर आलेल्या बायकाही स्वयंपाकपाणी, नोकरी, शेत सगळे रेटत असतात. जिना चढताना धाप लागणे, छातीत धडधडणे, माती किंवा खडू खावासा वाटणे, दर तासाला पॅड बदलावे लागणे, रक्ताच्या मोठ्या गाठी पडणे, यांतले काहीही असेल तर आधी रक्त तपासावे आणि लोह सुरू करावे.

उपचारांत दोघांची वाट वेगळी होते. फायब्रॉइडला वेष्टण असल्यामुळे ती सोलून काढता येते आणि गर्भाशय शाबूत राहते. अस्तराकडची गाठ तर पोटावर छेद न घेता, दुर्बीण योनिमार्गाने आत घालून काढता येते. अ‍ॅडेनोमायोसिसमध्ये सोलायला कडच नसते. तो भाग कापायचा तर निरोगी स्नायूही सोबत जातो आणि पुढील गरोदरपणात गर्भाशय फाटण्याचा धोका राहतो, म्हणून अशी शस्त्रक्रिया निवडक स्त्रियांमध्येच करतात. उलट, लिव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणारी तांबी बसवल्याने अ‍ॅडेनोमायोसिसचा रक्तस्राव आणि वेदना दोन्ही चांगल्या आटोक्यात येऊ शकतात. फायब्रॉइडने गर्भाशयाची पोकळी वेडीवाकडी झाली असेल तर हीच तांबी निसटून पडू शकते. रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड आणि वेदना कमी करणारे मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही औषधे दोन्ही आजारांत उपयोगी पडतात, पण ती मूळ आजार घालवत नाहीत. गर्भाशयाच्या धमन्या बंद करण्याचा उपाय दोन्हींत करता येतो. फायब्रॉइडमध्ये त्याचा अनुभव अधिक आहे.

मग उरते पिशवी काढणे. त्रास असह्य असेल, मुले नको असतील आणि इतर उपाय थकले असतील, तर हा निर्णय योग्य ठरू शकतो आणि घेणाऱ्या स्त्रीला त्याचा अपराध वाटण्याचे कारण नाही. परंतु महाराष्ट्राने याची दुसरी बाजू पाहिली आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये पुढे आला, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि सुमारे 82,000 महिलांच्या सर्वेक्षणात 13,000 हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पुढे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश दिला. ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ एवढ्या वाक्यावर कुणी तारीख देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. अंडाशयही काढणार आहेत का, हेही आधी विचारावे, कारण ती काढली की रजोनिवृत्ती एकाएकी येते आणि हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात.

चाळिशीच्या शेवटाला आलेल्या, त्रास सोसण्याजोगा असलेल्या स्त्रीला वाट पाहणे हाही एक उपचार आहे. पाळी गेल्यावर संप्रेरके घटतात, फायब्रॉइड आकसू लागते आणि अ‍ॅडेनोमायोसिसच्या वेदना बहुधा थांबतात. मात्र पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एखादा डाग जरी दिसला, तरी तो जुन्या गाठीच्या किंवा सुजेच्या खात्यावर टाकू नये. अस्तराची तपासणी करून घ्यावी.