साडेचार तास आले कुठून? पक्षाघाताच्या उपचारांची पार्श्वभूमी

पक्षाघाताचा रुग्ण इमर्जन्सीत आला की पुढचा तासभर सगळं आकड्यांवर चालतं. लक्षणं सुरू होऊन साडेचार तास उलटले का, रक्तदाब १८५/११० च्या आत आहे का, वजनाच्या किलोमागे ०.९ मिलिग्रॅमने गुठळी विरघळवणारं औषध किती भरतं. हे आकडे भिंतीवरच्या तक्त्यात छापलेले असतात, म्हणून ते जणू शरीराचे नियमच आहेत असं वाटू लागतं. तसं नाही. बहुतेक प्रत्येक आकडा रुग्णांवर झालेल्या एखाद्या चाचणीने दिलेला आहे आणि त्या चाचणीच्या आधी दोन-तीन चाचण्या फसलेल्या आहेत. कुठला आकडा ताणता येतो आणि कुठला नाही, हे या फसलेल्या चाचण्या जास्त स्पष्ट सांगतात.

मुळात १९७० पर्यंत उपचाराचा प्रश्नच फारसा उभा राहत नव्हता. पक्षाघात दोन कारणांनी होतो: मेंदूची धमनी गुठळीने बंद पडते, किंवा ती फुटून रक्तस्राव होतो. दोन्हींत तोंड वाकडं होतं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो, बोलणं अडखळतं. नुसत्या तपासणीवरून खात्रीने फरक सांगणं तेव्हाही शक्य नव्हतं आणि आजही नाही. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. ताजं रक्त सीटीवर पांढरं दिसतं. पुढे गुठळी विरघळवणारं औषध देण्याचं धाडस झालं, ते या पांढऱ्या डागाच्या जोरावर. तो नसेल तरच औषध.

दुसरा पाया प्रयोगशाळेत घातला गेला. मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त मिळतं. १९७७ च्या सुमारास अ‍ॅस्ट्रप आणि सायमन यांच्या गटाने बबून माकडांवर दाखवलं, की हा पुरवठा २० च्या खाली गेला की पेशी काम थांबवतात, पण लगेच मरत नाहीत; १० च्या आसपास उतरला की मरू लागतात. या दोन आकड्यांमधला जो भाग बंद पडलेला पण जिवंत असतो, त्याला पेनम्ब्रा म्हणतात. गेल्या तीस वर्षांतल्या सगळ्या चाचण्या हा पेनम्ब्रा वाचवण्यासाठी झाल्या. फरक एवढाच, की सुरुवातीला तो दिसत नव्हता, म्हणून त्याच्या जागी घड्याळ वापरलं गेलं.

हृदयविकारात गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज यशस्वी ठरलं होतं, तेव्हा तेच १५ लाख युनिटच्या डोसात मेंदूसाठी वापरून पाहण्यात आलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यात युरोप, इटली आणि ऑस्ट्रेलियातल्या तीन मोठ्या चाचण्या मध्येच थांबवाव्या लागल्या, कारण औषध मिळालेल्यांत मेंदूतला रक्तस्राव आणि मृत्यू वाढले. हृदयाचा डोस जसाच्या तसा उचललेला, वेळेची मर्यादा सैल, रक्तदाबावर ढिला हात: दोष एकट्या औषधाकडे नव्हता. गुठळी विरघळवणाऱ्या अल्टेप्लेज या औषधाची युरोपातली पहिली चाचणी ईकॅसही १९९५ मध्ये अशीच घसरली. तिथे किलोमागे १.१ मिलिग्रॅम औषध सहा तासांपर्यंत दिलं होतं.

अमेरिकेतली एनआयएनडीएस चाचणी डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिने या तिन्ही गोष्टी आवळल्या. डोस ०.९, कमाल ९० मिलिग्रॅम. मर्यादा ३ तास, आणि ६२४ रुग्णांपैकी निम्मे दीड तासाच्या आत घ्यायचे अशी अट. रक्तदाब १८५/११० च्या वर असेल तर रुग्ण घ्यायचाच नाही. तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे झालेले रुग्ण औषधाच्या गटात ३९ टक्के, औषध न मिळालेल्या गटात २६ टक्के. मेंदूतला लक्षणं निर्माण करणारा रक्तस्राव ६.४ टक्के विरुद्ध ०.६ टक्के. म्हणजे धोका दहापट आणि तरीही हिशेब फायद्याचा. याच आकड्यांवर अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. तीन तासांचे साडेचार तास झाले ते २००८ मध्ये, ईकॅस-३ मुळे. त्यात ८२१ रुग्ण होते आणि जवळजवळ पूर्ण बरे झालेल्यांचा निकाल ५२.४ विरुद्ध ४५.२ टक्के असा लागला. फायदा खरा होता, पण पहिल्या तीन तासांतल्यापेक्षा लहान. ‘साडेचार तासांची मुदत आहे’ असं म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, की फायदा पहिल्या मिनिटापासून घसरत असतो. मोठी धमनी बंद असेल तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात, हा २००६ मधला जेफ्री सेव्हर यांचा अंदाज आहे.

कागदावर सोपा दिसणारा हा डोस प्रत्यक्षात कुठे चुकतो, ते पाहण्यासारखं आहे. ६० किलोच्या रुग्णाला एकूण ५४ मिलिग्रॅम. त्यातला दहावा भाग, ५.४ मिलिग्रॅम, एका मिनिटात बोलस म्हणून, म्हणजे एकदम शिरेत, उरलेलं ४८.६ मिलिग्रॅम पंपाने एका तासात. पहिली चूक वजनाची: रुग्ण खाटेवर आडवा, नातेवाईक अंदाज सांगतात आणि दहा किलोची चूक सहज होते. दुसरी चूक बोलस आणि पंप यांच्यामधल्या खंडाची. अल्टेप्लेज रक्तातून पाचेक मिनिटांत निम्मं होतं. बोलस देऊन मग पंप शोधायला गेलं, की तो बोलस वाया गेलाच म्हणायचं. तिसरी चूक सगळ्यात गुपचूप होते. औषध मिलिलिटरला एक मिलिग्रॅम असं विरघळवलेलं असतं. बाटली रिकामी झाली की पंप शिट्टी मारतो, नर्स तो बंद करते आणि नळीत उरलेलं औषध तिथेच राहतं. दहा मिलिलिटर राहिलं तर दहा मिलिग्रॅम, म्हणजे डोसचा जवळजवळ पाचवा हिस्सा. म्हणून बाटली संपल्यावर त्याच वेगाने सलाइन लावून नळी रिकामी करायची असते. आणि कुपी हलवताना खळखळवायची नाही, फेस होतो. हळूच गोल फिरवायची.

डोस कमी केला तर? ०.६ मिलिग्रॅमचा डोस ३,३१० रुग्णांवर, बहुतांश आशियाई, तपासणाऱ्या २०१६ च्या चाचणीत मृत्यू किंवा अपंगत्वाचं प्रमाण कमी डोसात ५३ टक्के, पूर्ण डोसात ५१ टक्के होतं. रक्तस्राव कमी झाला, पण कमी डोस पूर्ण डोसइतकाच चांगला हे सिद्ध झालं नाही.

औषधाची मोठी मर्यादा वेगळीच होती. मानेतून मेंदूत शिरणारी मुख्य धमनी किंवा तिची पहिली फांदी बंद असेल, तर तिथली लांबलचक गुठळी औषधाने क्वचितच पूर्ण विरघळते. मग जांघेतल्या धमनीतून कॅथेटर वर नेऊन गुठळी ओढून काढायची कल्पना आली. स्क्रूसारख्या वळणाचं मर्सी हे उपकरण अमेरिकेत २००४ मध्ये बाजारात आलं, आणि नऊ वर्षं ते व त्याची भावंडं पुराव्याशिवाय वापरली गेली. फेब्रुवारी २०१३ मध्ये होनोलुलूच्या परिषदेत तीन चाचण्यांचे निकाल जाहीर झाले. एकीतही फायदा दिसला नाही. अनेकांनी तेव्हा हा विषय संपल्याचं धरलं.

कारणं मात्र तपशिलात होती. बऱ्याच रुग्णांत मोठी धमनी बंद आहे की नाही हे अँजिओग्राफीने आधी पाहिलंच नव्हतं. उपकरणं जुनी होती. आणि कॅथेटर आत जाईपर्यंत फार वेळ जात होता. नेदरलँड्समधल्या एमआर क्लीन चाचणीने या चुका दुरुस्त केल्या. तिथे ५०० रुग्ण होते, सीटी अँजिओग्राफीत अडथळा दिसला तरच प्रवेश होता आणि बहुतेकांत जाळीदार स्टेंट-रिट्रीव्हर वापरला होता. ही जाळी गुठळीत उघडून काही मिनिटं तशीच ठेवायची, गुठळी तिच्यात रुतली की मागे ओढायची, आणि ओढताना दुसरीकडून शोषण चालू ठेवायचं, नाहीतर तुकडा तुटून पुढच्या फांदीत जाऊन बसतो. तीन महिन्यांनी स्वतःची कामं स्वतः करू शकणारे ३२.६ टक्के, दुसऱ्या गटात १९.१ टक्के. २०१५ मध्ये आणखी चार चाचण्यांनी तेच दाखवलं. पाचही एकत्र केल्यावर, १,२८७ रुग्णांत, दर २.६ रुग्णांमागे एकाचं अपंगत्व किमान एक पायरीने कमी झालं. मेंदूरोगशास्त्रात इतका ठळक आकडा फार थोड्या उपचारांना मिळाला आहे.

घड्याळाची जागा चित्राने घेतली ती यानंतर. मेंदूतला रक्तपुरवठा दाखवणाऱ्या पर्फ्युजन स्कॅनवर मेलेला भाग आणि धोक्यातला भाग वेगवेगळे मोजता येऊ लागले. काही लोकांत शेजारच्या धमन्या इतकं रक्त पुरवतात, की पेनम्ब्रा दिवसभर तग धरतो. डॉन चाचणीत ६ ते २४ तासांमधले असे २०६ रुग्ण निवडले, आणि स्वतंत्रपणे जगू शकणाऱ्यांचं प्रमाण गुठळी काढलेल्यांत ४९, न काढलेल्यांत १३ टक्के निघालं. २०१८ च्या डिफ्यूज-३ मध्ये, ६ ते १६ तासांत, ४५ विरुद्ध १७. झोपेतून उठल्यावर लक्षणं दिसलेल्यांसाठी त्याच वर्षी एमआरआयची युक्ती आली: एका प्रकारच्या प्रतिमेत इजा दिसते आणि फ्लेअर नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिमेत अजून दिसत नाही, तर घटना बहुधा साडेचार तासांच्या आतली. पण हे रुग्ण निवडून घेतलेले होते. ‘२४ तासांपर्यंत चालतं’ असा निरोप घरोघरी पोचला तर तो घातक ठरेल. उशिरा आलेल्यांतले बरेच जण या निवडीत बसतच नाहीत.

ताणायची हौस मात्र सगळीकडे फळली नाही. मोठा भाग मेलेल्या रुग्णांतही गुठळी काढण्याचा फायदा २०२२ आणि २०२३ मध्ये दिसला, हे अनपेक्षित होतं. उलट लहान-मध्यम फांद्यांत तेच केल्यावर २०२५ च्या दोन्ही मोठ्या चाचण्यांत काही हाती लागलं नाही.

औषधातही बदल झाला. टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं दुसरं औषध एका बोलसमध्ये, पाच सेकंदांत देता येतं. पंप नको, नळीतलं उरलेलं नको. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या टेनेक्टेप्लेजला भारतात पक्षाघातासाठी २०१६ मध्ये, किलोमागे ०.२ मिलिग्रॅमच्या डोसात मान्यता मिळाली. कॅनडातल्या १,६०० रुग्णांच्या चाचणीने २०२२ मध्ये ०.२५ मिलिग्रॅमचा डोस अल्टेप्लेजच्या तोडीचा ठरवला, आणि अमेरिकेची मान्यता आली मार्च २०२५ मध्ये. इथेही एक आकडा रक्ताने लिहिलेला आहे: नॉर्वेत ०.४ चा डोस मध्यम ते तीव्र झटक्यात वापरला, तेव्हा लक्षणं देणारा रक्तस्राव ६ टक्के विरुद्ध १ टक्का झाला आणि चाचणी थांबली. सर्वात मोठा धोका आजही तोच, हृदयाच्या डोसाचा. ६० किलोच्या माणसाला हृदयविकारात ३५ मिलिग्रॅम देतात, पक्षाघातात ०.२५ ने १५. औषध तेच; हात सवयीने हृदयाच्या डोसाकडे जातो. ते डेक्स्ट्रोज चालू असलेल्या नळीतून दिलं तर साका तयार होतो, म्हणून आधी सलाइनने नळी धुवायची.

रक्तदाबाच्या आकड्याचा प्रवास अजून संपलेला नाही. गुठळी काढून धमनी मोकळी झाल्यावर वरचा दाब १२० च्या खाली नेला, तर रुग्णांची अवस्था अधिक वाईट झाली, हे २०२२ मध्ये चीनमधल्या चाचणीने दाखवलं. २०२४ मध्ये तिथेच २,४०४ रुग्णांचा दाब अ‍ॅम्ब्युलन्समध्येच उतरवून पाहिला. एकूण निकाल शून्य, पण आत दोन उलटे निकाल लपलेले: रक्तस्राव असलेल्यांना फायदा, गुठळी असलेल्यांना तोटा. आपल्याकडे घरीच जिभेखाली बीपीची गोळी ठेवायची पद्धत आहे, तिला या निकालाने पुरतं उत्तर मिळतं. स्कॅनच्या आधी अ‍ॅस्पिरिनचंही तेच. सीटी दारात नेण्याचा मार्ग जर्मनीत होम्बर्गमध्ये २००८ मध्ये निघाला, स्कॅनर बसवलेल्या गाडीचा. बर्लिन आणि ह्यूस्टनच्या २०२१ च्या अभ्यासांत त्याचा रुग्णांना फायदाही दिसला. पण एवढी यंत्रणा थोड्याच शहरांना परवडते. रक्ताच्या एका थेंबातल्या जीएफएपी प्रथिनावरून रक्तस्राव ओळखायचे प्रयत्न चालू आहेत. तोवर गाडीत करायचं काम ठरलेलं आहे: रुग्णाला शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं ती वेळ लिहून घेणं, बोटाच्या थेंबातून साखर पाहणं, कारण ती ५० च्या खाली असेल तर हुबेहूब पक्षाघातासारखी लक्षणं होतात, लुळ्या नसलेल्या हातात सुई लावणं, आणि ज्या रुग्णालयात सीटी चालू आहे तिथे आधी फोन करणं.